मदत हवी आहे: संरक्षण समितीचं म्हणणं सरकारने ऐकलं का, हे कुठे बघायचं?

नमस्कार मंडळी, मी वरणगावचा. आबा इथल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत, त्यामुळे बजेटच्या दिवशी आमच्या घरात टॅक्सच्या आधी डिफेन्सचा आकडा ऐकतात आणि आबा तो कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलीने लिहून ठेवतात. 2025-26 चं लिहिलंय: एकूण 6,81,210 कोटी, खाली कॅपिटल (म्हणजे नवीन शस्त्रं-सामग्रीसारखा भांडवली खर्च) 1,80,000, पेन्शन 1,60,795. लिहिता लिहिता मला म्हणाले, "हे मंजूर करायच्या आधी खासदार नीट बघतात का रे भो?"

मला वाटलं सोपं आहे, सांगून टाकू. शोधायला बसलो तर कळलं की लोकसभेत थोड्याच खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते, बाकीच्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना, एकदम मताला टाकतात. खरी तपासणी होते ती संरक्षणाच्या स्थायी समितीत, लोकसभेचे 21 नि राज्यसभेचे 10 खासदार, मंत्रालयाच्या आणि सैन्याच्या अधिकाऱ्यांना बंद दाराआड बोलावून विचारतात. मार्च 2018 च्या रिपोर्टात उपलष्करप्रमुखांनी समितीला सांगितलेलं छापलंय, सैन्याची 68 टक्के सामग्री जुनाट गटातली आहे म्हणून. आणि त्याच महिन्यात लोकसभेत सगळ्या मागण्या चर्चेविना पास! आयुष्यभर काडतुसं बनवलेल्या माणसाला हे वाचून दाखवताना मलाच कसंतरी झालं.

समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतात एवढं समजलं, पण मग पुढे काय? सरकार उत्तर देतं का, ते कुठे मिळतं? आबांना इंग्रजी जमत नाही, हिंदी चालेल. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: भाऊ, सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर समिती परत रिपोर्ट काढते, त्याला ॲक्शन टेकन रिपोर्ट म्हणतात. मी जळगावला स्पर्धा परीक्षेची पोरं शिकवतो, त्यांना सांगतो की बाकी राहू द्या, आधी चौथा चॅप्टर उघडा, सरकारच्या ज्या उत्तरांवर समितीचं समाधान झालं नाही ती तिथे असतात. लोकसभेच्या वेबसाईटवर समित्यांमध्ये संरक्षण निवडा, हिंदी प्रतही असते. 2018 चं सोळाव्या लोकसभेत शोधा, चालू लोकसभेत सापडायचं नाही.

वरणगावकर: खूप आभार सर. चौथा चॅप्टर मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणतो, आबांना मोबाईलवर वाचता येत नाही.