मदत हवी आहे : ‘सिम्फनी ऑफ द नाइट’मधल्या दोन अंगठ्या नेमक्या कुठे घालायच्या?

‘कॅसलव्हेनिया’ या व्हिडिओ गेम मालिकेतला, माझ्या मते सर्वांत देखणा, १९९७चा ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ मी पुन्हा खेळत आहे. परंतु रिक्टर बेलमाँट या प्रतिस्पर्ध्याला हरवले की खेळ तिथेच संपतो. हा खरा शेवट नसून पुढे उलटा किल्ला आहे, एवढे मला ठाऊक आहे.

सोन्याची आणि चांदीची अशा दोन्ही अंगठ्या माझ्याकडे आहेत. त्यांवरचा त्रोटक मजकूर जोडून वाचल्यावर रोख घड्याळाच्या मनोऱ्याकडे दिसला, म्हणून अंगठ्या खेळाच्या नायकाला, अलुकार्डला, घालून मी तो मनोरा दोनदा पालथा घातला. तिथल्या दातेरी चाकांवर खट् असा आवाज होईपर्यंत तलवारीचे वारही केले, तरी जिला भेटायचे आहे ती मारिया (खेळातले एक पात्र) भेटली नाही. (मिचिरू यामाने यांच्या संगीतामुळे ही भटकंती मात्र मनापासून आवडली.)

लांडगा, वटवाघूळ आणि धुके ही तिन्ही रूपे मिळाली आहेत आणि रिक्टरशी लढण्याआधीचे सेव्ह (खेळाची साठवलेली स्थिती) जपून ठेवले आहे. उलट्या किल्ल्यात काय आहे, ते कृपया सांगू नये. या अंगठ्या किल्ल्याच्या मार्बल गॅलरी या भागातल्या मोठ्या घड्याळाच्या खोलीत घालायच्या आहेत का, आणि त्यानंतर रिक्टरसमोर जाताना आणखी कोणती वस्तू अंगावर असणे आवश्यक आहे?