नाकातला म्युकोसल मेलानोमा: आधी ऑपरेशन की इम्युनोथेरपी?

शंका६४: वय ६४. उजवी नाकपुडी चार महिने बंद, मधूनमधून घोळणा फुटतो, शिंकरल्यावर काळपट शेंबूड. बायोप्सीत म्युकोसल मेलानोमा (आतल्या ओलसर आवरणातल्या रंगपेशींचा कॅन्सर). गाठ खालच्या टर्बिनेटवर (नाकाच्या आतल्या बाजूच्या वळीवर), हाड शाबूत, पेट स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. तरी रिपोर्टवर टी-३ (गाठ किती पसरली त्याचा टप्पा) कसं? एक डॉक्टर आधी ऑपरेशन म्हणतात, दुसरे आधी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारी औषधं). त्यातलंच निवोलुमॅब हे औषध कमी डोसमध्ये चालतं का?

नासामार्ग: टी-३ वाचून धसका घेऊ नका. या आजारात टी-१, टी-२ नाहीतच. नुसत्या आवरणापुरती गाठही टी-३, हाड-कूर्चा धरली की टी-४ए, मेंदूचं आवरण किंवा कवटीचा तळ गाठला की टी-४बी. अशी गाठ दुर्बिणीतून पूर्ण निघत असेल तर आधी ऑपरेशनच. फसगत होते ती कडांवर. मुख्य गाठीपासून दूर, आवरणावर रंग नसलेले ठिपके असू शकतात. काळं दिसलं तेवढंच काढलं की आजार मागे उरतो. म्हणून प्रत्येक कडेचा तुकडा वेगळ्या डबीत, जागेचं नाव घालून पॅथॉलॉजीला जायला हवा. नंतरच्या रेडिएशनने त्याच जागी परत उगवण्याचा धोका कमी होतो. आयुष्य वाढतं असं मात्र दिसलेलं नाही.

टी_पेशी: कमी डोसबद्दल. टाटा मेमोरियलचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास (२० मि.ग्रॅ. दर ३ आठवड्यांनी, सोबत तोंडावाटे केमो) डोक्या-मानेच्या स्क्वेमस (आवरणाच्या चपट्या पेशींच्या) कॅन्सरचा आहे. तो मेलानोमाला लावू नका. इथे निवोलुमॅब २४० मि.ग्रॅ. दर २ किंवा ४८० दर ४ आठवड्यांनी देतात. पसरलेल्या म्युकोसल मेलानोमात एकट्या निवोलुमॅबने सुमारे २३ टक्के रुग्णांत गाठ आकसली, इपिलिमुमॅब हे दुसरं इम्युनोथेरपी औषध जोडल्यावर ३७ टक्के, पण दुष्परिणाम बरेच वाढले. म्हणजे काढता येणारी गाठ औषधावर ठेवली आणि औषध लागू पडलं नाही, तर तेवढ्यात ती हाडात शिरू शकते. टी-४बीचं गणित वेगळं, तिथे आधी औषध हा विचार रास्त.

इम्युनोथेरपी चालू असेल तर प्रत्येक डोसआधी लिव्हर, किडनी, साखर तपासायची. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (एक हार्मोन) ठरावीक अंतराने. रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब झाले तर घरचीच गोळी घेऊन थांबू नका, त्याच दिवशी कळवा. स्टिरॉइड लागलं तर ते महिनाभर तरी हळूहळू उतरवायचं. घाईने बंद केलं की कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) उसळतो. औषध संपल्यावर कित्येक महिन्यांनीही असं होऊ शकतं.

शंका६४: ऑपरेशननंतर नाक धुवायचं ना?

नासामार्ग: हो, पण सर्जन सांगतील तेव्हाच. अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, ४.५ ग्रॅम मीठ (चहाचा सपाट पाऊण चमचा), चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं की झोंबतं. नळाचं कच्चं पाणी अजिबात नको. खपल्या नखाने उचकटू नका, जोरात शिंकरूही नका. पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं खारट गळू लागलं तर ती सर्दी समजू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. थेंब स्वच्छ बाटलीत धरून लगेच हॉस्पिटल गाठा, त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन (त्या पाण्याची ओळख पटवणारं प्रथिन) तपासतात.

टी_पेशी: बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आत्ताच मागून ठेवा. केआयटी, एनआरएएस, बीआरएएफ या जनुकांतले बदल तपासायला तोच लागतो.