गाडीचा क्रमांक अचूक असलेला चलानाचा संदेश: खरा की खोटा, ओळखावे कसे?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार. माझे वडील निवृत्त शिक्षक असून वीजबिलापासून निवृत्तिवेतनापर्यंतचे सारे व्यवहार ते मोबाइलवरूनच करतात. परवा त्यांना व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाचा एक संदेश आला. त्यात आमच्या दुचाकीचा एमएच ३१ ने सुरू होणारा क्रमांक अचूक होता, वर राजमुद्रा होती आणि खाली ‘आरटीओ ई-चलान’ या नावाची, शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल जोडलेली होती. विशेष म्हणजे हा संदेश आमच्या परिचयातील एका काकांच्या क्रमांकावरून आला. वडिलांनी फाइल न उघडता मला विचारले. परंतु भाषा शुद्ध, क्रमांक बरोबर आणि पाठवणारा ओळखीचा असेल, तर फसवणूक ओळखायची कशावरून?

उत्तर (बँकेतून निवृत्त, धरमपेठ)

वडिलांनी आधी विचारले, हे फार चांगले केले. गाडीचा क्रमांक रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवर कोणालाही वाचता येतो, त्यामुळे तो बरोबर असण्याने काहीच सिद्ध होत नाही. खातेदाराचे नाव, जन्मतारीख किंवा आधारचे शेवटचे चार अंक यांनाही हेच लागू आहे. राहिला प्रश्न ओळखीच्या क्रमांकाचा. अशी फाइल ज्याच्या फोनमध्ये शिरते, त्याच्याच व्हॉट्सॲपवरून ती पुढे इतरांना पाठवली जाते. म्हणून त्या काकांना आजच प्रत्यक्ष फोन करून सावध करावे.

‘एपीके’ म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती बसली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी भामट्याच्या हाती पडतो. दंडाची रक्कम पाहण्यासाठी कोणी पाठवलेले ॲप बसवावे लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी हा प्रकार तिथेच थांबतो. चलान खरोखर आहे का, हे पाहायचे असल्यास महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहन मंत्रालयाच्या ई-चलान संकेतस्थळावर आपण स्वतः जाऊन तपासावे. संदेशाच्या रूपावरून त्याची पारख करण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संदेश काहीही म्हणो, त्याने दाखवलेल्या वाटेने जायचे नाही.

उत्तर (संगणक अभियंता, मिहान)

वरील मताशी मी सहमत आहे, तरीही लिंकचा पत्ता वाचता येणे उपयोगाचे असते. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेष येते, तिच्या लगेच डावीकडे असलेला भाग खरा मालक सांगतो. पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव किंवा ‘परिवहन-गव्ह-इन’ असे लिहून शेवट ‘डॉट टॉप’ ने केलेला असेल, तर तो सरकारचा पत्ता नव्हे. टिंबांच्या जागी घातलेली आडवी रेघ हीच तिथली लबाडी असते. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ वर नेण्यास सांगितले होते, त्यामुळे बँकेचा पत्ता ओळखणे आता थोडे सोपे झाले आहे. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. मधल्यामध्ये कोणी माहिती वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे सांगत नाही.

उत्तर (गृहिणी, मानेवाडा)

घरातील वडीलधाऱ्यांना पत्ता वाचणे जमेलच असे नाही. भीती मात्र सर्वांनाच वाटते. ‘मागील बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा संदेश नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना आला, तर भलाभला माणूस खाली दिलेला क्रमांक फिरवतो. पलीकडचा ‘अधिकारी’ मग स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावून दहा रुपये भरायला सांगतो, आणि त्या दहा रुपयांसाठी टाकलेला पिन त्याला दिसतो. महावितरण असे संदेश कोणाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून पाठवत नाही. आमच्याकडे महावितरणचा आणि बँकेचा मदत क्रमांक जुन्या बिलावरून व पासबुकावरून उतरवून फ्रिजवर लावलेला आहे. शंका आली की सासूबाई तोच फिरवतात.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. काकांना फोन केला. त्यांनी ती फाइल उघडून ॲप बसवले होते. आता त्यांनी काय करावे?

उत्तर (बँकेतून निवृत्त, धरमपेठ)

त्या फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे आणि सिमकार्ड काढून ठेवावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्यावे, व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती रोखण्याची संधी तेवढ्याच वेळात असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहर सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणून कळवल्याची वेळ लेखी असू द्यावी. पासवर्ड दुसऱ्याच फोनवरून बदलावेत, आणि हा फोन पूर्ण रिकामा करून घेतल्याशिवाय त्यात सिमकार्ड परत घालू नये.