वाचनालयाच्या सर्वेक्षणासाठी कोणते आलेख काढू? सल्ला हवाय

पुस्तकवेडी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात सभासदांकडून फॉर्म भरून घेतले, ९० आले. प्रश्न चार: वय, आवडता साहित्यप्रकार (एकच निवडायचा), वाचनालयात कशासाठी येता (हवे तितके पर्याय) आणि महिन्याला किती पुस्तकं वाचता. रविवारी वार्षिक सभेत भिंतीवर लावायचेत. गूगल फॉर्मनं वयाचा आलेख आपणहून काढून दिलाय, पण त्यात एकेका वयाला एकेक काडी. अगरबत्तीचा पुडा उघडल्यासारखं दिसतंय. काय करू?

आकडेमोड
उत्तर शब्दात आहे की संख्येत, ते आधी बघा. साहित्यप्रकार म्हणजे शब्द, तिथे साधा स्तंभालेख. स्तंभांत फट ठेवा, उंचीच्या उतरत्या क्रमानं लावा आणि अक्ष शून्यापासूनच सुरू करा, नाहीतर दोन मतांचा फरक डोंगराएवढा दिसतो.

वयाला आयतालेख, दहावीत काढायचो तोच. १०-२०, २०-३० असे वर्ग पाडा. बरोबर २० वर्षांचा सभासद वरच्या वर्गात. वय सलग वाढतं म्हणून आयत एकमेकांना चिकटलेले. गूगल शीट्समध्ये तो हिस्टोग्राम नावानं मिळेल, एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. वर्गाची रुंदी दोन-तीनदा बदलून बघाच. ५ ठेवली तर दातेरी, २५ ठेवली तर सगळं सपाट. आणि शेवटी ‘६० च्या पुढे’ असा एकच वर्ग करू नका. तो इतरांपेक्षा रुंद होतो आणि गावात म्हातारेच फार असं वाटतं.

तिरकस_काका
वृत्तालेखाला सगळे का हाकलतात कळत नाही. ९० फॉर्म म्हणजे माणशी ४ अंश, कोनमापक घेऊन हातानं काढा! प्रकार तीन-चारच असतील तर झकास दिसतो. मात्र ‘कशासाठी येता’ला नको. एकानं तीन-तीन खुणा केल्यात, टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाणार. तिथे आडवे स्तंभ घ्या, ‘वर्तमानपत्र वाचायला’सारखी लांब नावं मावतात. आणि ‘९० पैकी इतके’ असं लिहा.

पुस्तकवेडी
प्रकार सात आहेत काका, वृत्तालेख राहू दे. पुस्तकांच्या प्रश्नात एका आजोबांनी ४० लिहिलंय! सरासरी एकदम वर गेली.

आकडेमोड
मग मध्यक सांगा. सगळे आकडे चढत्या क्रमानं मांडा. ९० आहेत म्हणून ४५ व्या आणि ४६ व्याची सरासरी घ्या. एकट्या ४० नं तो हलत नाही. पण आजोबांना न विचारता ४० खोडू नका.

पुस्तकवेडी
विचारलं. वर्षाचे सांगितले म्हणे, दिवाळी अंक धरून. आता बाकीच्या ८९ जणांनी तरी महिन्याचेच लिहिलेत ना, ही नवी शंका.