बायोप्सीतून आरएनए निघत नाहीये, मदत हवी आहे (तातडीने)

ट्यूबलाइट: डीसीएमच्या (हृदय पसरून कमकुवत होण्याचा आजार) पेशंटांच्या एंडोमायोकार्डियल बायोप्सीतून (हृदयाच्या आतून काढलेला स्नायूचा तुकडा) आरएनए काढतेय. क्यूपीसीआरवर (जनुक किती चालू आहे ते मोजायला) एमवायएच६ (अल्फा मायोसिन), एमवायएच७, एनपीपीबी आणि सर्का ही हृदयस्नायूतली जनुकं बघायचीत. आरएनए नगण्य निघतो, आरआयएन (आरएनए किती शाबूत, १० पैकी) ३ च्याही खाली. ट्रायझॉल (आरएनए काढायचं रसायन) ताजं आहे, ते विचारू नका. सरांना शुक्रवारी आलेख हवेत. कोणतं किट घेऊ?

पेंड्या: तुकडा कॅथलॅबमधून (जिथे बायोप्सी घेतात) तुमच्याकडे कशात येतो?

हिवाळी: द्रव नायट्रोजन. तुकडा निघाला की बुडवा, मग उणे ८०. बाकी सगळं थोतांड.

अनुस्वार: कॅथलॅबमध्ये नायट्रोजनचा डबा धरून कोण उभं राहणार, तुम्ही? आरएनएलेटर (आरएनए टिकवणारा द्रव) भरलेली ट्यूब सिस्टरांकडे आधीच देऊन ठेवायची. संपला विषय.

हिवाळी: त्यातला तुकडा मग पॅथॉलॉजीवाल्यांना धड वाचता येत नाही.

अनुस्वार: म्हणून तर एका वेळी पाचेक तुकडे घेतात! मायोकार्डायटिस (हृदयस्नायूचा दाह) ठिकठिकाणी विखुरलेला असतो, एका तुकड्यात सापडेलच असं नाही.

कोपरगावकर: माझ्या वडिलांना हीच बायोप्सी सांगितली आहे, मानेतल्या शिरेतून. धोका किती असतो?

अनुस्वार: दादा, अनुभवी हातात गंभीर गुंतागुंत साधारण १ टक्का किंवा कमी. हृदयाच्या भिंतीला भोक पडणं ही मुख्य भीती. बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि वेगळा धागा काढा ना.

गुणसूत्र: मुळात बायोप्सी कशाला? एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकातला २५ बेसचा लोप (हृदयविकाराचा धोका वाढवणारा) साध्या रक्तावर कळतो. भारतात सुमारे ४ टक्के लोकांत आहे, २००९ मध्येच छापून आलंय.

पेंड्या: तो डीएनए. वारशाने काय आलं ते रक्त सांगेल. स्नायूत आज कोणतं जनुक किती चालू आहे, त्याला स्नायूच लागतो. कोलोराडोच्या ब्रिस्टो गटाने बीटा ब्लॉकर या हृदयाच्या औषधांच्या आधी आणि नंतर त्याच पेशंटांच्या बायोप्सी घेतल्या (२००२). ज्यांचं हृदय सुधारलं त्यांच्यात सर्का आणि अल्फा मायोसिन वाढलेलं दिसलं. रक्तातून काढून दाखवा.

ट्यूबलाइट, माझा प्रश्न तसाच आहे.

ट्यूबलाइट: फॉर्मॅलिनमध्ये येतो. पॅथॉलॉजीचे उरलेले, मेणात (पॅराफिन) बसवलेले ब्लॉक. किटचं बोला.

पेंड्या: अगं बाई! फॉर्मॅलिनमध्ये आरएनएचे तुकडे होतात आणि तो प्रथिनांना चिकटून बसतो. पॅराफिन ब्लॉकसाठीचं किट घे, प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) भरपूर वेळ चालू दे. आरआयएन सोड, डीव्ही२०० (२०० बेसहून लांब तुकडे किती टक्के) बघ. प्रायमर असे निवड की क्यूपीसीआरमध्ये वाढणारा तुकडा ६०-८० बेसचाच असेल. कंट्रोल (तुलनेसाठी निरोगी नमुने) कुठले?

ट्यूबलाइट: प्रत्यारोपणासाठी न वापरलेली दात्यांची हृदयं. डावा वेंट्रिकल. ते मस्त नायट्रोजनमधले आहेत, आरआयएन ८.

हिवाळी: बघा.

पेंड्या: पेशंटांचे तुकडे हृदयाच्या उजव्या बाजूचे (शिरेतून तिथेच पोचतात), फॉर्मॅलिनमधले. कंट्रोल डाव्या बाजूचे, गोठवलेले. फरक दिसला तर तो रोगाचा, कप्प्याचा की साठवणीचा, हे कसं ठरवणार? त्याच पॅथॉलॉजीत इतर कारणांनी घेतलेल्या, निरोगी निघालेल्या बायोप्सींचे ब्लॉक माग. शुक्रवार विसर.

ट्यूबलाइट: जीएपीडीएच या संदर्भ जनुकाने नॉर्मलाइज केलं (आकडे त्याच्या तुलनेत मांडले) तर चालेल ना?

अनुस्वार: सरांचा नंबर दे, मीच बोलतो.