सोयाबीन ओलावामापक: नमुना तयार आहे, साडेबत्तीस लाख उभे करायचेत. अनुदानं कुठल्या क्रमाने घ्यावीत?

लातूर_दाणा:
नमस्कार मंडळी. लातूरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, नोंदणीला १४ महिने झाले, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता आहे. सोयाबीनचा ओलावा मोजणारं हातातलं यंत्र (दाण्याच्या विद्युत धारकतेवरून ओलावा काढणारं), तीन नमुने बनलेत. मूळ गणित इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्रबंधातलं, तो दोन वर्षांपूर्वी सादर झाला. पुढचा खर्च असा काढलाय: यंत्राच्या खोक्याचा साचा ६ लाख, चाचण्या व प्रमाणपत्रं ४ लाख, १०० यंत्रांची पहिली खेप ९ लाख, पेटंट दीड लाख, दोन इंजिनिअरांचा वर्षाचा पगार ९ लाख, बाजार समित्यांतल्या चाचण्या ३ लाख.

अमेरिकेत केंद्राचं संशोधन अनुदान मिळालं की काही राज्यं वरून तेवढीच भर घालतात असं वाचलं. आपल्याकडे तसं जमतं का? स्वहिस्सा किती धरावा? आणि आधी कोणता अर्ज करावा?

अनुदान_वाट:
आधी अमेरिकेचं, कारण त्यातूनच आपलं कोडं सुटतं. तिकडची एसबीआयआर योजना, म्हणजे छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी केंद्राचं अनुदान, १९८२ च्या कायद्याने आली. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते बघतात, दुसऱ्यात उत्पादन विकसित होतं, तिसरा टप्पा विक्रीचा, आणि त्या तिसऱ्याला योजनेचा पैसाच नाही. नॉर्थ कॅरोलायना, केंटकी अशी राज्यं केंद्राच्या अनुदानावर स्वतःचा पैसा घालतात. केंद्राची निवड झाली म्हणजे तांत्रिक तपासणी होऊन गेली, राज्याला ती पुन्हा करावी लागत नाही. शिवाय केंद्राच्या पैशातून न चालणारा खर्च राज्याच्या पैशातून भागतो.

आपल्याकडे राज्याचा पैसा कामाच्या ठरावीक तुकड्यांना मिळतो, तोही बहुधा खर्च झाल्यावर परतफेड म्हणून. त्यामुळे जुळणी तुम्हालाच करायची: कोणता खर्च कुणाच्या नावावर टाकायचा ते पहिल्या अर्जाआधी कागदावर पक्कं हवं.

सगळ्यात आधी केंद्राचा स्टार्टअप इंडिया सीड फंड, कारण तिथे वयाची अट आहे: अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. तुमच्या हाती १० महिने उरलेत. नमुना, चाचणी, सिद्धता यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, टप्प्याटप्प्याने. बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे. व्याज रेपो दरापेक्षा जास्त नाही, मुदत ६० महिन्यांपर्यंत, तारण नाही. अर्ज इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत) होतो, एकावेळी तिघांना पसंती देता येते. छत्रपती संभाजीनगरला मॅजिक आहे, विद्यापीठाचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. योजना अजून चालू आहे का आणि कुणाकडे फेरी आहे ते फोन करून विचारा, वेबसाइटवर विसंबू नका.

लोक अडकतात ते दुसऱ्या अटीत. केंद्र-राज्याच्या इतर योजनांतून आधी १० लाखांपेक्षा जास्त रोख मदत घेतलेली नको. समजा आधी निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेतून नमुन्यासाठी पूर्ण १० लाख घेतले. तिथवर पात्र आहात. मग राज्याकडून चाचणीच्या खर्चाचे दोन लाख परत आले, बेरीज १२, आणि २० लाखांचं दार बंद. दोन लाखांसाठी वीस लाख गेले! स्पर्धेतलं बक्षीस, सवलतीतली जागा, प्रयोगशाळेचा वापर मात्र या बेरजेत धरत नाहीत.

म्हणून क्रम असा: सीड फंड मंजूर होईपर्यंत दुसरीकडची रोख मदत कमीत कमी. नंतर महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीकडे पेटंट आणि चाचणी. भारतीय पेटंटला खर्चाच्या ८० टक्के, कमाल २ लाख. आंतरराष्ट्रीयला कमाल १० लाख. गुणवत्ता चाचणीला ८० टक्के, कमाल २ लाख. तुमच्या ४ लाखांच्या चाचण्यांचे ८० टक्के होतात ३ लाख २० हजार, पण हातात येणार २. पेटंटच्या दीड लाखात १ लाख २० हजार. म्हणजे या दोन ओळींतच तुमचा स्वहिस्सा २ लाख ३० हजार, आणि परतफेड येईपर्यंत पूर्ण साडेपाच लाख तुमच्या खिशातून. मंजूर रक्कम बघून लोक खूश होतात, हा मधला काळ कुणी मोजत नाही. छोट्या कंपन्या इथेच दमतात.

साच्याचे ६ लाख सीड अनुदानात घालू नका. त्या पैशातून सुविधा उभारायला मनाई आहे, आणि साचा त्यात मोडतो की नाही यावर वाद होतो. पहिली १०० यंत्रं सिलिकॉनच्या साच्यातून काढा. एका साच्यातून साधारण २० ते २५ नग निघतात, म्हणजे चार-पाच साचे पुरतील. खोक्याचा आकार चाचण्यांनंतर बदलणारच आहे, मग पोलादी साचा आत्ता कशाला? तो पुढे कर्जाच्या भागातून करा, संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दर विचारा.

आता पगार ९, खेप ९, बाजार चाचण्या ३, बेरीज २१. वीस अनुदानातून, एक तुमचा.

हिशेब_चोख:
वरचं नियोजन ठीक आहे. पैसे आल्यानंतर काय बिघडतं ते सांगतो.

स्वतंत्र बँक खातं उघडा, त्यात दुसरा एक रुपया मिसळू नका. सरकारी अनुदानावर मिळालेलं व्याज तुमचं नसतं, ते परत करायचं असतं. उपयोगिता प्रमाणपत्रात (पैसा कशावर खर्च झाला हे दाखवणाऱ्या कागदात) ती ओळ वेगळी मागतात आणि ती चुकली की पुढचा हप्ता थांबतो.

मंजुरीच्या तारखेआधीचं बिल धरत नाहीत. संचालकाच्या वैयक्तिक नावाचं बिलही नाही. ऑनलाइन सुटे भाग घेताना घाईत स्वतःचं कार्ड आणि घरचा पत्ता टाकला जातो, तिथेच हा घोळ होतो. आणि एक बिल एकाच योजनेत. चाचणीचं बिल अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं नको. अगदीच वाटावं लागलं तर प्रयोगशाळेकडून दोन वेगळी बिलं घ्या: एक विद्युत सुरक्षिततेचं, एक अचूकतेचं.

जीएसटी अंदाजपत्रकात कसा धरलाय? ९ लाखांच्या खेपेत १८ टक्के कर आतच असेल तर जवळजवळ १ लाख ३७ हजार करच आहे. त्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलंत तर ती रक्कम अनुदानात खर्च म्हणून दाखवता येत नाही, दोन्हीकडे लाभ होतो. विक्री अजून सुरू नसताना क्रेडिट नुसतं साचत राहतं. मंजुरीपत्रात करासहित खर्च मान्य असेल तर तो अनुदानातच टाकावा आणि क्रेडिट सोडावं, असं माझं मत. निर्णय पहिल्या बिलाआधी घ्या, मधेच बदलला तर लेखापरीक्षक पकडतो.

आयकरही बघा. २०१५ च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान हे उत्पन्न धरलं जातं. घसारा लागणाऱ्या मालमत्तेसाठी मिळालं असेल तर तिच्या किमतीतून वजा होतं. हप्ता फेब्रुवारीत आला आणि खर्च जूनमध्ये होणार असेल, तर कोणता पैसा कशासाठी हे मंजुरीपत्रात स्पष्ट हवं. मोघम ‘प्रकल्प सहाय्य’ लिहून येऊ देऊ नका, सही करण्याआधी शीर्षवार तक्ता जोडून मागा.

लातूर_दाणा:
दोघांचेही आभार. सिलिकॉन साच्याचं डोक्यातच आलं नव्हतं. अनुदानाच्या हप्त्यांसाठी अर्जात टप्पे ठरवताना काय लिहावं? आम्ही ‘सहा महिन्यांत अचूकता सिद्ध’ असं लिहिणार होतो.

तीनशे_ग्रॅम:
असं मोघम लिहू नका, आणि महिने मोजून तर मुळीच नको. आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरची. पहिला हप्ता डिसेंबरमध्ये आला तर ओलसर ताजा माल हातून गेलेला असतो आणि टप्पा वर्षभर लांबतो. टप्पा हंगामाला बांधा: ‘काढणीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत नमुने गोळा’.

अचूकता कशाच्या तुलनेत, तेही लिहा. अख्ख्या सोयाबीनची ओव्हन पद्धत म्हणजे १५ ग्रॅम नमुना, १०३ अंश सेल्सिअस, ७२ तास. ८ ते २० टक्के ओलाव्यात किमान ३० नमुने, प्रत्येकाच्या दोन वाट्या, म्हणजे ६० वाट्या. ओव्हनमध्ये २० मावत असतील तर तीन फेऱ्या, नऊ दिवस नुसते तापवण्यात. वाण एकच घेऊ नका. जेएस-३३५, परभणीचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ आणि एमएयूएस-६१२, राहुरीचा फुले संगम, सगळे हवेत. दाण्याचा आकार बदलला की यंत्राच्या कपामध्ये तो वेगळा बसतो, घनता बदलते आणि धारकता फसते. कपातल्या मालाचं वजन यंत्रातच घेऊन दुरुस्ती करा, हाताने भरण्यावर सोडू नका. तापमानाचंही तसंच: दुपारी अडतीवर तापलेलं पोतं आणि पहाटेचं पोतं यांत १० अंशांचा फरक सहज असतो, तेवढ्याने आकडा टक्काभर हलू शकतो. हमीभावाची मर्यादा १२ टक्के, तिथे टक्काभर चूक म्हणजे शेतकऱ्याचं पोतं परत.

हंगाम हुकलाच तर कोरड्या दाण्याला मोजून पाणी देऊन बंद पिशवीत चार-पाच दिवस थंड ठेवतात. यंत्राचा आकडा आणि ओलावा जोडणाऱ्या प्राथमिक आलेखाला ते चालतं. पण असा दाणा शेतातून ओला आलेल्या दाण्यासारखा वागत नाही, त्यामुळे अंतिम अचूकता त्यावर सांगू नका.

अजून एक मोठा मुद्दा. यंत्राच्या आकड्यावर सौद्याचा भाव ठरणार असेल तर २००९ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) कायद्याचा प्रश्न येतो: मॉडेल मंजुरी केंद्राकडून, उत्पादन परवाना राज्याच्या यंत्रणेकडून. लेखी विचारणा आत्ताच टाका, कारण याचा वेळ आणि फी तुमच्या ४ लाखांत दिसत नाही. तोवर पहिल्या खेपेचा वापर ‘शेतकऱ्याने बाजारात नेण्याआधी घरी तपासणे’ एवढाच ठेवा आणि अर्जातही तसंच लिहा. ब्लूटूथ असेल तर आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल घ्या, दूरसंचार विभागाची ईटीए (बिनतारी उपकरणाची मंजुरी) सोपी जाते.

अनुदान_वाट:
पेटंटवर एक राहिलं. प्रबंध ग्रंथालयात गेला असेल तर त्यातलं गणित प्रसिद्ध झालं, त्यावर आता पेटंट नाही. प्रबंधात नसलेलं काय आहे ते शोधा: वजनाची दुरुस्ती, कपाची रचना, तापमानाची जोडणी. त्यावर तात्पुरता अर्ज टाका, स्टार्टअपला ऑनलाइन फी १,६०० रुपये, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. कृषी प्रदर्शनात यंत्र उघडून दाखवण्याआधी हे झालं पाहिजे. प्रबंधातलं गणित वापरायचं तर कॉलेजकडून परवान्याचा करार लेखी घ्या. प्राचार्यांच्या साध्या ना-हरकत पत्रावर तज्ज्ञ समिती समाधानी होत नाही, कारण विक्री सुरू झाल्यावर हक्क कुणाचा हे त्या पत्रात लिहिलेलं नसतं.

हे दोन कागद या महिन्यात करा, मग सीड फंडाचा अर्ज.