क्रोएशियाचा किनारा गाडीने, दोघांसाठी, घाई न करता: रियेका ते दुब्रोवनिक

प्रेषक: मिल्टन कीन्सकर

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं क्रोएशियाला जाणार आहोत. रियेकाला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि किनाऱ्याने दुब्रोवनिक गाठून तिथूनच परतायचं. हातात नऊ रात्री आहेत. तिकिटं काढून झालीत, बाकी सगळं मोकळं आहे. मुक्काम कुठे किती करावे? किनाऱ्याचा रस्ता त्रासदायक आहे का, की मोटरवेच बरा? आणि वाटेत बोस्नियाचा तुकडा लागतो म्हणतात, तो कसा टाळायचा? आमचे पासपोर्ट भारतीय आहेत, लायसन्स इथलं, ब्रिटनचं.

आगाऊ आभार.

---

प्रेषक: रेडिंगकर

मिल्टन कीन्सकर,

मोटरवेचा विचार सोडून द्या. ए-१ उत्तम रस्ता आहे, पण तो डोंगरामागून जातो आणि समुद्र फारसा दिसतच नाही. तुम्हाला हवा तो डी-८, ज्याला तिकडे यादरान्स्का मागिस्त्राला म्हणतात. त्यावर टोल नाही. रियेकाचा विमानतळ क्र्क बेटावर आहे, तिथून मुख्य भूमीवर येणाऱ्या पुलाचा टोलही २०२० मध्ये बंद झाला.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताय हे फार बरं केलंत. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, त्यामुळे खाली उतरताना तुमची लेन समुद्राकडची असते. थांबायच्या जागा उजव्या हाताला येतात, समोरून येणारी रांग छेदावी लागत नाही. उलट दिशेने हाच रस्ता निम्मा कळतो, कारण गाडी कायम डोंगराला चिकटून. शिवाय संध्याकाळी सूर्य पाठीमागे उजवीकडे राहतो, डोळ्यांवर येत नाही.

मुक्काम असे करा: पहिली रात्र क्र्क किंवा ओपातिया, मग झादर दोन, शिबेनिक एक, ओमिश किंवा ब्रेला दोन, स्टोन एक, दुब्रोवनिक दोन. स्प्लिट यादीत मुद्दाम नाही. तिथे गाडीसकट राहिलात तर अर्धा वेळ पार्किंग शोधण्यात जाईल. ओमिशहून शहरबस मिळते, अंतर पंचवीसेक किलोमीटर. सकाळी लवकर जा, रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा गर्दी व्हायच्या आत बघा आणि जेवायला परत या.

सगळ्यात मोठा टप्पा दुसऱ्या दिवशीचा. क्र्कहून झादरपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण नकाशा सांगतो त्या वेळेवर जाऊ नका. सेन्य ते कार्लोबाग सतत वळणं आहेत. एका बाजूला वेलेबिट डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, सावली नाही. थांबण्यासकट पूर्ण दिवस धरा. पेट्रोल सेन्यलाच भरा, पुढे पंप विरळ आहेत. यब्लानात्सला खाली उतरून झाव्रात्नित्साची खाडी जरूर बघा. ती सुमारे ९०० मीटर आत शिरलेली अरुंद खाडी आहे, गावातून पायवाटेने पंधरा-वीस मिनिटांत पोचता आणि काठाजवळ पाण्यात दुसऱ्या महायुद्धातली बुडालेली बोट दिसते. चपला नकोत, बूट घाला.

आता रस्त्याचा खरा धोका. लोक वळणांना घाबरतात, पण वळणं काही करत नाहीत, गाडी सावकाश चालवली की झालं. गोची करतो तो ओला रस्ता. त्या भागातल्या डांबरात चुनखडीची खडी असते, ती वर्षानुवर्षं टायरखाली घासून गुळगुळीत होते. उन्हाळाभर पाऊस नसतो, धूळ आणि तेल साचतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सरीला त्यावर साबण लावल्यासारखं होतं. तसा पाऊस आला तर अर्धा तास कॉफी घ्या, रस्ता धुऊन निघू द्या. पावसानंतर वरून दगडही येतात.

वेगमर्यादा गावात ५०, बाहेर ९०. पाट्यांकडे लक्ष ठेवा, कारण घरं विरळ असली तरी गावाची हद्द सुरू झालेली असते आणि कॅमेरे नेमके तिथेच. मागे स्थानिक गाडी चिकटली तर वेग वाढवू नका, पुढच्या मोकळ्या जागेत उजवीकडे घेऊन तिला जाऊ द्या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. बूरा नावाचा ईशान्येचा वारा आहे. डोंगरामागे थंड हवा साठते आणि सेन्यच्या वरच्या खिंडीतून झोतासारखी समुद्रावर कोसळते. आकाश निरभ्र असतं, म्हणून फसगत होते. वेलेबिटच्या माथ्यावर ढगांची पांढरी टोपी बसली की समजायचं. हिवाळ्यात तो सगळ्यात वाईट, पण सप्टेंबरातही दिवस-दोन दिवस येऊ शकतो. जोर वाढला की आधी मोटरसायकली, कॅरॅव्हॅन आणि उंच वाहनं अडवतात, मग सगळ्यांनाच. मास्लेनित्साचे पूल आणि पाग बेटाचा पूल या बंदीत नेहमी सापडतात. त्यामुळे रोज सकाळी हाक म्हणजे क्रोएशियाच्या ऑटोक्लबचं ॲप उघडून बघा, इंग्रजीत आहे. बंद असेल तर गाडी हट्टाने पुढे नेऊ नका, त्या दिवशी मुक्काम वाढवा. म्हणूनच पहिल्या दोन बुकिंगना फुकट रद्द करायची सोय असलेलीच घ्या.

रस्त्यात गाडी बंद पडली तर हाकची मदत १९८७ वर, अपघात असेल तर ११२.

---

प्रेषक: हॅरोकर

रेडिंगकरांचं सगळं मान्य, पण पार्किंगचं राहिलं. गावांत रंगीत झोन असतात, दर आणि कमाल वेळ झोनप्रमाणे बदलतात, पाटीवर लिहिलेलं असतं. यंत्रात नाणी किंवा कार्ड, किंवा ॲप. वेळ संपली तर काचेवर जो कागद लावतात ती पूर्ण दिवसाची पावती असते. दंडाची नोटीस समजून घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका, दिलेल्या मुदतीत भरून टाका. नाही भरलीत तर रक्कम भाड्याच्या कंपनीकडून तुमच्या कार्डावर येते आणि वर त्यांचा प्रशासकीय आकार.

आता व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला देशांचा गट) आहे आणि त्याच दिवसापासून युरो वापरतं. इथलं वास्तव्य असलं तरी भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. न्यूम हा बोस्नियाचा समुद्राला भिडणारा चिंचोळा पट्टा, जुना डी-८ त्यातून जातो. तिथे शिरलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात. सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपतो आणि नऊ किलोमीटरवर पुढच्या चौकीवर तुम्हाला परत घेत नाहीत.

टाळायचं सोपं आहे. २६ जुलै २०२२ पासून पेल्येशाट्सचा पूल सुरू आहे, २.४ किलोमीटर, टोल नाही, पासपोर्ट नाही. कोमार्नाजवळ पुलावर चढायचं आणि द्वीपकल्पावरून स्टोनमार्गे पुन्हा मुख्य भूमीवर यायचं. फक्त जीपीएसवर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या ऑफलाइन नकाशात पूल नसतो आणि ते न्यूमकडे वळवतं. कोमार्ना हा मधला थांबा म्हणून टाकून ठेवा. पुलानंतरचा नवा रस्ता स्टोनला बगल देतो, तेव्हा फाट्याला बाहेर पडायचं विसरू नका, नाहीतर मुक्कामाचं गाव मागे राहील.

मोस्तार (बोस्निया) किंवा कोटोर (मॉन्टेनेग्रो) करायचा मोह झाला तर मल्टिपल एंट्री हवी, शिवाय गाडी देशाबाहेर नेण्याची कंपनीची लेखी परवानगी. माझं मत, नऊ रात्रींत हे दोन्ही नकोत.

गाडीबद्दल: इथलं फोटोकार्ड लायसन्स चालतं. भारतातलं लायसन्स वापरणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर घ्यावा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच आरक्षित करा, तिथे त्या कमी असतात. मॅन्युअल घेतलीत तर गिअर उजव्या हाताला येतो, त्यामुळे पहिला अर्धा तास विमानतळाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर घालवा, रियेकाच्या चौकात नको. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं आणि त्यावर मोठी अनामत अडकते, तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा. साध्या विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ बहुधा धरलेले नसतात, नेमकं तिथेच खडबडीत पार्किंगमध्ये नुकसान होतं. इथूनच स्वतंत्र एक्सेस पॉलिसी (नुकसानीतला तुमच्या वाट्याचा भाग भरून देणारी) काढली तर स्वस्त पडते, पण लक्षात घ्या, आधी पैसे तुम्ही भरता आणि मग मागता. फेरीबोटीवर गाडी असताना विमा चालू राहतो का, हे लेखी विचारून घ्या.

दुब्रोवनिकला पोचलात की त्याच दिवशी गाडी परत करा. जुन्या शहरात गाडी जात नाही, आसपासचं पार्किंग देशात सगळ्यात महाग असतं. ग्रूझ किंवा लापाद भागात राहा, बसने फिरा. तटबंदीच्या तिकिटाला लागतात तेवढ्याच पैशांत दुब्रोवनिक पास येतो आणि त्यात शहरबसही असते. तटावर मात्र सकाळी उघडतानाच चढा. दुपारी दगड तापतो आणि क्रूझवरची मंडळी आलेली असतात. विमानतळ चिलिपीला, शहरापासून वीस किलोमीटरवर, तिथे जायला बस मिळते.

---

प्रेषक: मिल्टन कीन्सकर

हॅरोकर काका, न्यूमचं वेळेवर सांगितलंत, मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. आमच्यापैकी एक जण पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जेवणाचं कसं जमवायचं? आणि एखादं बेट घालता येईल का, की फेरीच्या भानगडीत वेळ जाईल?

---

प्रेषक: ग्लासगोकर

जेवणाचं मी सांगते.

किनाऱ्यावर मासे आणि कोकरू हेच मुख्य, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. प्रत्येक कोनोबात (छोटी खानावळ) 'ब्लित्वा' मिळते: चार्डची (पालकासारखी पालेभाजी) पानं आणि बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. ती माशासोबतची बाजूची भाजी म्हणून लिहिलेली असते, तीच मोठी प्लेट मागा. ओमिशजवळच्या पोल्यित्सा भागातला सोपार्निक शोधा. पातळ पिठाच्या दोन थरांत चार्ड आणि कांदा भरून निखाऱ्याखाली भाजतात, वरून लसणाचं तेल. पालेभाजी भरलेली परातीएवढी भाकरीच म्हणा. अंडं नाही, दूध नाही. बाजारात सकाळी विकायला येतो, दुपारपर्यंत संपतो.

फसवणारे पदार्थ: काळा रिसोट्टो (मऊ भाताचा प्रकार) हा कटलफिशच्या शाईने काळा होतो. भरलेल्या मिरच्यांत खिमा असतो. भाज्यांच्या सूपला आणि साध्या रिसोट्टोलाही मांसाचा किंवा माशाचा रस्सा असू शकतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. बेकरीत नुसतं 'बुरेक' (पापुद्र्यांची भरलेली पेस्ट्री) म्हटलं तर बहुधा मांसाचाच हातात येतो, 'सा सिरोम' म्हणजे चीजचा मागा. पिठात डुकराची चरबी असू शकते, तिला 'मास्त' म्हणतात, पिझ्झा आणि पाव सोडून बाकी बेकरीच्या मालाला हा प्रश्न विचाराच. 'बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया' एवढं पाठ करा: मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. पागचं मेंढीचं चीज प्रसिद्ध आहे, पण त्यात प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो जठरातला अर्क) असू शकतं, तुम्ही पाळत असाल तर सोडा.

'पेका' म्हणजे झाकणावर निखारे टाकून शिजवलेलं. मांसाहारी मंडळींनी खावंच, पण काही तास आधी सांगावं लागतं, शक्यतो आदल्या दिवशी. आयत्या वेळी मिळत नाही.

घरचं करायचं असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, पाट्यांवर 'अपार्टमानी' लिहिलेलं असतं. डाळ-तांदूळ इथूनच न्या, दूध, भाज्या, दही तिथे. किराणा शनिवारी भरा: २०२३ च्या कायद्यापासून दुकानांना वर्षात मोजकेच, सोळा रविवार उघडता येतात, त्यामुळे नेमक्या तुमच्या रविवारी शटर खाली असू शकतं. बेकऱ्या आणि पंपावरची दुकानं त्यातून वगळलेली आहेत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

शिबेनिकहून क्र्का राष्ट्रीय उद्यानाला जाणार असाल तर पोहायचे कपडे घेऊन जाऊ नका, २०२१ पासून स्क्रादिन्स्की बुक या मुख्य धबधब्याखाली पोहायला बंदी आहे. समुद्रात मात्र पाण्यात पोहताना घालायचे रबरी बूट घालूनच उतरा. किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांवर समुद्री साळिंदर (काटेरी सी अर्चिन) बसलेले असतात. काटा तळव्यात मोडला की सगळी सहल लंगडत.

---

प्रेषक: रेडिंगकर

बेटाचं: घालाच, पण फक्त एक आणि वाटेतलं.

सर्वात सोयीचं ह्वार, द्र्वेनिकहून सुचुरायला फेरी, साधारण ३५ मिनिटं. ब्रेलाहून द्र्वेनिक तासाभराच्या आत. पण सुचुराय बेटाच्या पूर्व टोकाला आहे. तिथून स्तारी ग्रादकडे जाणारा रस्ता पन्नास-साठ किलोमीटर, अरुंद आणि वळणावळणाचा, दीड तास धरा. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत हे जमत नाही. ओमिशची एक रात्र कमी करून ती स्तारी ग्रादला द्या. गावाला लागूनच प्राचीन ग्रीकांनी आखलेली शेतं आहेत, दगडी बांधांसकट, अजून द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

बेटावर रात्र काढायला नको असं वाटलं तर ह्वार सोडा आणि पेल्येशाट्सवरून ओरेबिचला जाऊन कोर्चुला करा. गाडी ओरेबिचलाच ठेवायची, प्रवासी बोटीने पलीकडे. दिवसात होतं, स्टोनचा मुक्काम तसाच राहतो.

गाड्यांच्या फेरीबद्दल एक समज पक्का करून घ्या. या छोट्या मार्गांवर तिकीट म्हणजे जागा नव्हे. ऑनलाइन काढलं तरी आधी येईल तो आधी चढेल, बोट भरली की पुढच्या फेरीला. सप्टेंबरात ऑगस्टएवढी गर्दी नसते, पण फेऱ्याही कमी झालेल्या असतात, म्हणून त्या आठवड्याचं वेळापत्रक याद्रोलिनिया या फेरी कंपनीच्या साइटवर बघूनच मुक्काम ठरवा. पाऊण तास आधी रांगेत लागा, शनिवारी अजून आधी. रांगेत गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक लावून ठेवा, उतार असतो. आत चढल्यावर आरसे मिटा, गाड्या फार जवळ लावतात. चालकाशिवाय दुसऱ्याने चढण्याआधीच उतरून पायी जावं, आत दार उघडायला जागा मिळत नाही. परतीची फेरी दुपारच्या आधीची धरा, म्हणजे दक्षिणेचा यूगो वारा सुटून एखादी फेरी रद्द झाली तरी त्याच दिवशी पुढची हाताशी राहील.